मुगवड्यांसाठी पूर्वाभिमुख घर

सूर्य पूर्वेला उगवतो, यावर माझा अजूनही ठाम विश्वास आहे. फक्त त्या विश्वासाच्या जोरावर मी हल्ली घरं बुक करत नाही.

आमच्या अमेरिकेतल्या रेडमंडच्या मराठी मंडळींमध्ये ट्रिपच्या बाबतीत मला मान आहे. (होता.) कोणाचे आईवडील येणार असोत, कोणाला लाँग वीकेंडला कुठे जायचं असो, "गौरीला विचारा" हे ठरलेलं. मी नुसतं हॉटेल सांगत नाही. कितव्या मजल्यावरची खोली मागायची, कोणत्या खोलीला लिफ्टचा आवाज येतो आणि रूममध्ये इंडक्शनवर खिचडी लावताना पंखा कुठला सुरू करायचा, हे सगळं सांगते. लोक वहीत लिहून घेतात. निदान मान तरी डोलावतात.

तर गेल्या हिवाळ्यात माझ्या सासूबाई नागपूरहून आमच्याकडे सहा महिने राहायला आल्या. ऑक्टोबरमध्ये माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यासाठीच खास आल्या होत्या. मी पलंगावर पाय वर करून पडलेली आणि सासूबाई माझी वेणी घालतायत, असं दृश्य आमच्या घरी तीन आठवडे चाललं होतं. ही गोष्ट मी कोणाला सांगत नाही, पण त्या काळात मी लहान मुलासारखी लाडावले होते. त्यांनी स्वयंपाक केला, माझ्या सईला शाळेच्या बसपर्यंत सोडलं, माझी चिडचिड ऐकून घेतली आणि बदल्यात सहा महिन्यांत एकच गोष्ट मागितली.

"बाकी काही नको गं मला," त्या म्हणाल्या. "दोन दिवस कडक ऊन पाहिजे. मुगवड्या घालून द्यायच्या आहेत तुम्हाला. वर्षभर पुरतील."

आता ज्यांना रेडमंड माहीत नाही त्यांना सांगते. नोव्हेंबर ते मार्च आमच्याकडे ऊन ही ऐकीव गोष्ट असते. पाऊस धो धो पडत नाही, नुसता पडत राहतो. आणि सासूबाई नागपूरच्या! तिथे ऊन मागावं लागत नाही, ते अंगावर येतं. नोव्हेंबरात त्यांनी पहिल्यांदा मुगाची डाळ वाटून ताटलीवर वड्या घातल्या आणि खिडकीत ठेवल्या. चौथ्या दिवशी वड्यांवर हिरवी लव आली. डिसेंबरात मी उत्साहाने ओव्हनमध्ये वाळवून दाखवल्या. त्या बाहेरून दगड आणि आतून पीठ झाल्या. जानेवारीत एका मंगळवारी खरोखरच ऊन पडलं. सासूबाई ताटली घेऊन डेकवर धावल्या. अकरा मिनिटांत ऊन गेलं, आणि त्या आत चपला काढेपर्यंत एका खारीने चार वड्या नेल्या.

"तुमच्याकडचं ऊन पण अपॉइंटमेंट घेऊनच येते काय?" त्या मला म्हणाल्या. हसतच म्हणाल्या, पण ताटलीतलं ओलं पीठ कचऱ्यात टाकताना त्यांचा चेहरा उतरला होता.

मार्चमध्ये त्यांचं परतीचं तिकीट होतं. फेब्रुवारीत सईच्या शाळेला आठवडाभर सुट्टी होती. मी जाहीर केलं, "आई, आपण हवाईला जातोय. डाळ बांधा!"

जायचं हवाईच्या मोठ्या बेटावर, इथवर घरात एकमत होतं. राहायचं कुठे, हा माझा प्रांत. मी स्प्रेडशीट उघडली. एकोणतीस घरं, सतरा रकाने. किचन, गॅस की इलेक्ट्रिक, कुकर मावेल अशी शेगडी, आईंना जिने नकोत, आणि सगळ्यात पहिला, पिवळ्या रंगाने रंगवलेला रकाना: दिशा.

माझ्या नवऱ्याने, अमोलने, मागून डोकावून पाहिलं.

"अगं, माझ्या टीममधला एक जण दर वर्षी जातो. तो म्हणतो, वेस्टला राहा. तिथे एक साधंसं जुनं हॉटेल आहे, त्याची लिंक पाठवलीय त्याने."

मी लिंक उघडली. पश्चिममुखी इमारत. समोर पार्किंग. समुद्र दिसत नाही. किचन नाही. एक झाड नाही!

"अमोल, तुझ्या आईला काय हवंय?"

"ऊन."

"ऊन कोण देतं?"

"सूर्य."

"सूर्य कुठे उगवतो?"

त्याने आपली लिंक बंद केली. (हरलेल्या माणसाला मी उगाच टोचत नाही.) माझ्या बाबांनी कोथरूडमध्ये फ्लॅट घेताना बिल्डरच्या ऑफिसात होकायंत्र काढून टेबलावर ठेवलं होतं. पश्चिमेकडचा फ्लॅट कोणी फुकट दिला तरी घेऊ नये, संध्याकाळी भिंती तापतात, हे मला बाराखडीच्या आधी शिकवलेलं. सकाळचं कोवळं ऊन घरात यायला हवं, तर घर पूर्वेला हवं. जे कोथरूडला लागू, ते प्रशांत महासागराला का लागू नसावं?

म्हणून मी बेटाच्या अगदी पूर्वेच्या किनाऱ्यावरचं घर निवडलं. पूर्वाभिमुख! दारात समुद्र! फोटोंमध्ये सगळं इतकं हिरवंगार की डोळे निवावेत. (एवढी हिरवळ कशाने होते, हा प्रश्न सातवीच्या भूगोलातला. मला सातवीत भूगोलात पैकीच्या पैकी होते.) रिव्ह्यूही मी सगळे वाचले. बऱ्याच जणांनी 'पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज ऐकत झोपण्यातलं सुख' असं काहीबाही लिहिलं होतं. मला वाटलं, हवाईला काव्यवृत्तीचे लोक जास्त जात असावेत.

पूर्वेला चार रात्री झाल्या की पुढच्या चार रात्रींसाठी मी ज्वालामुखीच्या शेजारचं घर घेतलं.

"तिथे का?" अमोलने विचारलं.

"ज्वालामुखी आहे अमोल. जमीन खालून गरम असणार. वरून ऊन, खालून शेक. वड्या एका दिवसात वाळतील."

माझ्या आवाजात इतका आत्मविश्वास होता की तो "हं" म्हणून बॅगा काढायला गेला.

आमचं विमान उतरलं ते बेटाच्या पश्चिमेला. दार उघडलं आणि अंगावर ऊन आलं! खरंखुरं, नागपुरी ऊन. विमानतळाला धड भिंतीसुद्धा नाहीत, सगळं उघडं आणि चहूकडे काळा लाव्हा तापलेला. सासूबाईंनी रेडमंडचं जाड जॅकेट काढलं, डोळे मिटले आणि एका बाकावर बसून दोन्ही हात उन्हात पसरले.

"अहाहा," त्या म्हणाल्या. "इथंच कुठं राहायचं आहे काय?"

"इथे नाही आई, इथे काय आहे? आपण खूप चांगल्या जागी चाललोय. चला!"

"काहून बाप्पा? इथं काय वाईट आहे? ऊन तर मस्त पडून राहिलं."

पण मी त्यांना उठवलं. हात धरून उठवलं! तो क्षण मला आजही आठवतो. उन्हाच्या ध्यासाने अर्धा प्रशांत ओलांडून आलेल्या माउलीला मी उन्हातून ओढून गाडीत बसवलं आणि सीट बेल्ट लावला.

रस्ता बेटाच्या मधून, दोन डोंगरांच्या खिंडीतून जातो. तासभर छान होता. मग समोर एक पांढरी भिंत दिसली. मी म्हटलं, धुकं आहे, उंचीवर असतंच. मग काचेवर थेंब आले. मी म्हटलं, ढगाचं टोक लागलं असेल. अमोलने वायपर लावला. पुढे उतार लागला तसा त्याने वायपर जोरात लावला. मग सगळ्यात जोरात लावला.

"इट्स रेनिंग," सईने जाहीर केलं. नऊ वर्षांच्या मुलांना दिसेल ते बोलायची वाईट सवय असते.

"शॉवर असतो गं, ट्रॉपिकल शॉवर," मी म्हणाले. "पाच मिनिटांत थांबतो."

घराच्या दाराशी एक मोठं मातीचं भांडं होतं आणि त्यात सात छत्र्या उभ्या होत्या. "पाहा, घरमालकीण किती काळजी घेते!" मी म्हणाले. कपाटात हवा कोरडी करणारं एक यंत्र घुमत होतं. "पाहा, कपड्यांचीसुद्धा काळजी!" टेबलावर पाहुण्यांसाठी पत्त्यांचे चार कॅट, तीन कोडी आणि एक जाड कादंबरी ठेवली होती. यावर मात्र मला काही सुचेना.

सासूबाईंनी पत्र्यावरचा आवाज ऐकला, समोरच्या करड्या समुद्राकडे पाहिलं आणि मला विचारलं, "भिजवू नं डाळ?"

"अर्थात! उद्या सकाळी इथे पहिलं ऊन येणार. बेटावर सगळ्यात आधी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी डाळ वाटून तयार. आलं, मिरची, जिरं, कोथिंबीर. ताटं मांडली. बाहेर पूर्व दिशा होती, समुद्रही होता, माझ्या स्प्रेडशीटप्रमाणे सगळं जागच्या जागी होतं. मधे फक्त पावसाचा एक पडदा होता. दुपारपर्यंत वाट पाहिली. वाटलेली डाळ आंबायला लागली, तेव्हा सासूबाईंनी कढई चढवली आणि भजी केली.

भजी अप्रतिम झाली. पाऊस, समुद्र, गरम भजी, आल्याचा चहा. अमोल म्हणाला, "यार, याला म्हणतात व्हेकेशन!" मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुढचं भजं न चावता गिळलं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा डाळ भिजवली, पुन्हा वाटली. पुन्हा भजी. चौथ्या दिवशी सासूबाईंनी कमी डाळ घेतली. रेडमंडच्या इंडियन स्टोअरमधून आम्ही दोन किलो डाळ बांधून आणली होती, तिचा अर्धा किलोचा एक पुडा उरला. सईने ताटाकडे पाहून "भजी अगेन?" असं विचारलं. नऊ वर्षांच्या मराठी मुलीला भज्यांचा कंटाळा आणणं सोपं काम नाही, ते मी तीन दिवसांत साधलं.

त्या संध्याकाळी शेजारच्या घरातले एक आजोबा पावसात, बिनछत्रीचे, हाफ पँटवर आपली कुंपणाची वेल छाटत होते. मी त्यांना गाठलं.

"अंकल, हा पाऊस कधी थांबतो?"

त्यांनी कात्री खाली केली आणि मनापासून विचार केला.

"थांबतो ना," ते म्हणाले. "गेल्या महिन्यात थांबला होता."

"पण ही पूर्व बाजू आहे!"

"म्हणूनच तर." त्यांनी हाताने दाखवलं. वारा समुद्रावरून इकडून येतो, डोंगराला अडतो, सगळं पाणी इथेच सांडतो आणि पलीकडे कोरडा जातो. पलीकडे मस्त ऊन असतं. "तुम्ही कुठून आलात?"

"रेडमंड. वॉशिंग्टन."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ते फार सौजन्याने म्हणाले, "अच्छा. म्हणजे तुम्हाला पाऊस आवडतो."

आत येऊन मी कोणाला काही सांगितलं नाही. माणसाने धीर सोडू नये. अजून ज्वालामुखी बाकी होता!

ज्वालामुखीकडे जाताना रस्ता चढत गेला, चढत गेला, आणि गाडीतल्या काट्यावर बाहेरचं तापमान उतरत गेलं. "इथे थंडी कशी?" अमोल पुटपुटला. "डोंगर आहे," मी म्हणाले. "पण तू तर म्हणालीस की..." "समोर बघून चालव!"

घर सुंदर होतं. जंगलात. माणसापेक्षा उंच नेच्यांच्या गर्दीत, धुक्यात, पावसात. दिवाणखान्यात शेकोटी होती. लाकडं रचून ठेवलेली. पलंगावर विजेवर तापणारी ब्लँकेटं. दाराला अडकवलेली सूचना: 'गारठा वाढल्यास जादा रजया वरच्या कपाटात आहेत.' जमीन खालून गरम आहे का ते पाहायला मी गुपचूप चप्पल काढून फरशीवर पाय टेकवला. बर्फ!

सासूबाईंनी बॅगेतून रेडमंडचं जाड जॅकेट काढलं, चढवलं, चेन गळ्यापर्यंत ओढली, कानटोपी घातली आणि खिडकीपाशी उभ्या राहिल्या. बाहेर झाडं, धुकं, झिमझिम पाऊस.

"अमोल," त्यांनी अगदी सरळपणे विचारलं, "आपण घरी परत आलो काय रे?"

अमोलला हसू फुटलं. सई तर जमिनीवर लोळली. मीही हसायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात सासूबाई माझ्याजवळ आल्या आणि पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "जाऊ दे नं गौरी. तू काहून तोंड पाडते? पुढच्या महिन्यात नागपूरला ऊनच ऊन आहे. तिथून वड्या पाठवते मी तुम्हाला."

आणि त्या दिवशी त्यांनी डाळ भिजवली नाही.

पुडा तसाच किचनच्या ओट्यावर, रबर लावलेला. त्या बाईंनी नोव्हेंबरपासून हार मानली नव्हती. ओव्हनपुढे नाही, खारीपुढे नाही, चार दिवसांच्या पावसापुढेही नाही. इथे मानली. मला भयंकर वाईट वाटलं. जिने माझ्या वेण्या घातल्या तिला मी एक ऊन देऊ शकले नाही, आणि वर तीच माझी समजूत घालत होती!

सकाळी उठल्या उठल्या मी पश्चिमेकडच्या सगळ्या हॉटेलांना फोन लावले. शाळांच्या सुट्ट्या, सगळं फुल. समुद्रावरचं फुल, समुद्राच्या मागचं फुल. शेवटी अमोल चहाचा कप घेऊन शेजारी बसला आणि त्याने आपला फोन माझ्यासमोर ठेवला. त्यावर त्याच्या मित्राने पाठवलेली ती जुनी लिंक होती. पश्चिममुखी. समोर पार्किंग. एक खोली रिकामी.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने छताकडे पाहिलं. (हरलेल्या माणसाला उगाच टोचू नये, हे तोही जाणतो.)

"बुक कर," मी म्हणाले. "पण बोलू नकोस."

ज्वालामुखीच्या घराच्या तीन रात्री सोडून दिल्या आणि दुपारी आम्ही बेटाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचलो. हॉटेल दोन मजली, रंग उडालेलं. आमच्या खोलीच्या दारासमोर डांबरी पार्किंग, त्यापलीकडे कचऱ्याचा मोठा हिरवा डबा, त्यापलीकडे लाँड्री. एक झाड नाही, एक पान नाही. आणि एक सावलीही नाही! आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. डांबरावरून झळा निघत होत्या.

सासूबाई गाडीतून उतरल्या. जॅकेट गाडीतच राहिलं. त्या दोन पावलं चालल्या, वाकल्या आणि पार्किंगच्या डांबराला तळहात लावला. चटका बसला तसा हात झटकला.

"अगं बाई!" त्या ओरडल्या. "गौरी, डाळ कुठाय?"

खोलीत किचन नव्हतं, म्हणून भिजलेली डाळ घेऊन संध्याकाळी आम्ही सगळेच हॉटेलच्या ऑफिसात गेलो. काउंटरवर सासूबाईंच्याच वयाच्या एक बाई बसल्या होत्या. केसात पांढरं फूल, पायात रबरी चपला. तिकडे वडीलधाऱ्या बाईला सगळेच आंटी म्हणतात, त्यामुळे आम्हाला वेगळं काही शिकावं लागलं नाही. आंटींनी मिक्सर दिला, पिठाचा वास घेतला आणि विचारलं, "हे वाळवणार? नुसतं ठेवाल तर मैना खातील." आणि मागून एक लाकडी पेटी आणून ठेवली. चारही बाजूंनी बारीक जाळी, आत दोन फळ्या. वारा जाईल, ऊन जाईल, पाखरू जाणार नाही.

सासूबाईंचे डोळे चमकले. जाळीवरून हात फिरवत त्यांनी मला विचारलं, "किती हुशार बाई आहे! यात काय वाळवते ही?"

वास मला आलाच होता. मी सफाईने म्हणाले, "असंच... घरगुती काहीतरी."

"फिश, आजी," सई म्हणाली.

सासूबाईंनी जन्मात अंडं फोडलेलं नाही. पेटीवरचा त्यांचा हात तसाच थांबला. आंटी माझ्याकडे पाहतायत, मी अमोलला शोधतेय, तो केव्हाच गाडीचे टायर तपासायला बाहेर गेलेला. झालं, मी मनात म्हटलं. ऊन मिळालं, तर आता हे.

सासूबाईंनी पेटीकडे पाहिलं. मग दाराबाहेरच्या, अजून तापलेल्या पार्किंगकडे पाहिलं.

"होती मासोळी. आता आहे काय?" त्या म्हणाल्या. "उन्हात तापलेलं सारं शुद्धच असते. गरम पाणी माग."

पेटी तीनदा धुतली. आंटींनी त्यांना लिंबं आणून दिली, दोघींनी मिळून घासली. एक नागपुरी बोलत होती, एक तिकडचं इंग्रजी बोलत होती, आणि दोघींना सगळं कळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सासूबाईंनी आपलं जुनं सुती पातळ फाडून आतल्या फळ्यांवर अंथरलं आणि त्यावर बोटांनी एक एक मुगवडी घातली. ओळीत. शेवटच्या अर्धा किलोच्या. पेटी पार्किंगच्या मधोमध, चौदा आणि पंधरा नंबरच्या रेघांमध्ये ठेवली. गाड्या वळसा घालून जायला लागल्या. एका माणसाने तक्रार केली, तर आंटींनी त्याला गाडी रस्त्यावर लावायला सांगितली.

सासूबाईंनी पेटीशेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि बसल्या. समुद्र पाहायचा का, नाही. कासवं पाहायची का, "तुम्ही पाहून या, मी इथं बरी आहे." दोन दिवस त्या उन्हात बसल्या. दुपारी वड्या उलटल्या, संध्याकाळी पेटी आत घेतली, सकाळी पुन्हा बाहेर. आंटी मधून मधून दुसरी खुर्ची घेऊन शेजारी बसायच्या. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी सासूबाईंनी एक वडी उचलली, कानाजवळ नेऊन बोटांनी मोडली. कटकन आवाज झाला. त्यांनी ती मला दाखवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्याही. (ऊन फार होतं.)

तेवढ्यात त्यांच्या धाकट्या बहिणीचा, मंदामावशींचा, नागपूरहून व्हिडिओ कॉल आला.

"ताई, समुद्र दाखव नं!"

सासूबाईंनी फोन फिरवला. डांबर, गाड्या, हिरवा कचऱ्याचा डबा, लाँड्रीच्या दारात कपड्यांची टोपली घेऊन उभा असलेला अमोल.

"असंल तिकडे कुठं समुद्र. ऊन पाय नं, ऊन! अन् ह्या वड्या पाय, कशा खणखणीत झाल्या."

"अवं पण एवढ्या दूर जाऊन तू पार्किंगमधे बसली? हे असलं हॉटेल पाहिलं तरी कोणी?"

मी पेटीच्या मागे सरकले. अमोल टोपली खाली ठेवून कान टवकारून उभा राहिला. गेल्या आठवड्याभराचा त्याचा न्याय आता होणार होता.

सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"माझ्या सुनेनं पाहिलं," त्या ठसक्यात म्हणाल्या. "आधी दोन जागी स्वतः राहून पाहिलं तिनं. मन नाही भरलं तिचं. तेव्हा कुठं ही सापडली. ऊन असं सहजी मिळते काय?"

आणि त्यांनी फोन माझ्याकडे वळवला. आता खरं बोलायची ती वेळ होती. मला सगळं कळत होतं. मी पेटीमागून बाहेर आले, पदर नव्हता तरी खांद्यावरून सारखा केला, कॅमेऱ्यात वाकून नमस्कार केला आणि म्हणाले,

"अहो मावशी, या गोष्टींना अनुभव लागतो!"